पाड्यासाठी ओढ्याची वीज की घरोघरी सौर दिवे?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या एका दादांनी विचारलं, पाड्यात वीज आणायला संस्था मदत करतेय, काय मागू?

त्यांच्याच तालुक्यातलं बिलगाव बघा. २००३ साली केरळच्या अभियंत्यांची मदत, नर्मदा बचाओ आंदोलनाची साथ आणि गावाचं श्रमदान यांतून तिथे १५ किलोवॅटची जलवीज उभी राहिली. २००६च्या पुरात ती गेली. एरवीही अशा जलविजेत पाणी आणणारा चर गाळाने भरतो, उपसायला हात लागतात. वर्गणीची भांडणं वेगळीच. पण जोर एवढा की पिठाची गिरणी चालावी.

सौर दिवा ज्याचा त्याचा. पॅनल वीसेक वर्षं टिकतं, बॅटरी चार-पाच वर्षांत बसते. ती कोण बदलणार, हे आधीच विचारा. आषाढात उजेड मिणमिणताच.

ओढा बारमाही आणि गावात एकी असेल तर जलवीज, पुररेषेच्या वर. घरं विखुरलेली असतील तर सौर, पण बॅटरीचे पैसे दरमहा बाजूला टाकूनच.