ओळीतली कलमं की दाट परसबाग? आठ गुंठ्यांत दोन्ही लावून पाहिल्यावर

घरामागे पाच-दहा गुंठे मोकळे आहेत, विहिरीला मे महिन्यापर्यंत पाणी टिकतं आणि यंदाच्या पावसात काहीतरी लावायचंच असं ठरलंय. मग घरात दोन मतं पडतात. एक मत म्हणतं, अंतर सोडून ओळीत कलमं लावा. दुसरं म्हणतं, रानासारखं दाट लावा: वर माड-फणस, त्याखाली कोकम-जायफळ, त्याखाली केळी, आणि जमिनीलगत हळद, सुरण, अननस. आमच्याकडेही हेच झालं. वडील ओळीच्या बाजूचे, मी दाट लावण्याच्या. शेवटी २०१५ च्या जूनमध्ये कुडाळजवळच्या आमच्या आठ गुंठ्यांचे दोन भाग केले, चार गुंठे त्यांच्या मताप्रमाणे आणि चार माझ्या.

जे सांगतोय ते जांभ्याची लाल माती, चार महिने धो धो पाऊस आणि पुढचे आठ महिने कोरडे, अशा जागेपुरतं. घाटावरच्या काळ्या जमिनीत, ठिबकवर बाग करणाऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकेल.

ओळीच्या भागात ५ बाय ५ मीटरवर सोळा कलमं बसली: आंब्याची आठ हापूस आणि चार रत्ना जातीची, दोन चिकू, दोन पेरू. जुन्या पद्धतीनं १० बाय १० मीटर अंतर सोडलं असतं, तर गुंठ्याला एकच आंबा बसला असता. ३३ फुटांचा चौरस म्हणजे गुंठा, आणि १० मीटर म्हणजे जवळपास तेच. परसात एवढं अंतर सोडणं कुणालाच परवडत नाही, म्हणून वडीलही ५ मीटरवर आले.

दाट भाग विहिरीकडचा. तिथे आधीपासूनच चार माड आणि एक जुना बरका फणस होता. त्यांच्या आधारानं कोकम, जायफळ, दालचिनी, पपनस, जाम, बिंबल लावली. माडांवर आणि फणसावर मिरी चढवली. गडग्याच्या कडेनं करवंद. मधल्या फटीत केळी, पपई, आणि पाल्यासाठी उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. गोव्यातली कुळागरं अशीच असतात: पोफळी, माड, मिरी, केळी, अननस एकमेकांच्या सावलीत. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रानं माडाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी घेण्याची पद्धत बसवली. तिला लोक लाखी बाग म्हणतात. हल्ली ‘फूड फॉरेस्ट’ म्हणून जे दाखवतात त्याचा सांगाडा आपल्याकडे आधीपासून उभा आहे. मात्र मियावाकी पद्धत यात धरू नका. तिथे चौरस मीटरला तीन ते पाच रोपं लावतात. हिरवं रान लवकर उभं राहतं, पण झाडं उजेडासाठी वर पळतात आणि फळाला सूर्य उरत नाही. माझ्या दाट भागात मोठ्या झाडांत निदान दहा-बारा फुटांचं अंतर आहे. दाटी दिसते ती खालच्या थरांमुळे.

पहिली दोन वर्षं पाहणाऱ्या कुणीही ओळीचीच बाजू घेतली असती. सोळा आळी स्वच्छ, प्रत्येक कलम दुरून मोजता येतंय, पाण्याची नळी सरळ फिरतेय. पाहुणा आला की वडील त्याला त्या बाजूला घेऊन जायचे. माझ्या बाजूला केळीची पानं, उंदीरमारीच्या काठ्या आणि कुठे काय लावलंय ते मलाच आठवत नाही अशी अवस्था. पण खायला आधी त्याच बाजूनं दिलं. पपई आणि केळी वर्षभरात, अननस दोन वर्षांत, हळद तर पहिल्याच माघात. ओळीतल्या हापूसनं पाचव्या वर्षी पहिल्यांदा आंबे दिले.

तरीही माझं मत ठरलं ते फळांवरून नाही, गवतावरून.

ओळीत लावलेल्या कलमांमधली जमीन उघडी असते, आणि कोकणातली उघडी जमीन जूनच्या पंधरवड्यात हिरवी होते. ऑगस्टमध्ये गवत कमरेला लागतं, मध्ये मध्ये रानमोडी डोकं काढते. बेणणी एकदा करून भागत नाही. जुलैत एकदा, ऑगस्टच्या शेवटी एकदा, दसऱ्याच्या आसपास एकदा, आणि आंबा धरायच्या आधी आणखी एकदा. आमच्या भागात फुरसं आहे, त्यामुळे गवत वाढू देऊन त्यात शिरण्याचा प्रश्नच नाही. कोयतीनं बेणणारी माणसं आता मिळत नाहीत. ग्रासकटरवाला मिळतो, पण पावसाची उघडीप सगळ्या गावाला एकाच दिवशी मिळते आणि सगळ्यांना तो त्याच दिवशी हवा असतो.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये असाच एक दिवस मिळाला. गडी घाईत होता, संध्याकाळच्या आत आणखी दोन बागा करायच्या होत्या. तो गेल्यावर मी आळी बघत फिरलो. तिसऱ्या ओळीतल्या रत्नाच्या बुंध्याला, घोट्याच्या उंचीवर, दोन बोटं रुंदीचं पांढरं कडं दिसलं. ग्रासकटरची नायलॉनची दोरी फिरली होती आणि साल सगळ्या बाजूंनी निघाली होती. कड्याच्या वरच्या काठावर चिकाचे थेंब होते, आणि शेंड्याला त्याच आठवड्यात फुटलेली तांबूस पालवी तशीच लवलवत होती. शेणमाती लावून, गोणपाटाची पट्टी बांधून पाहिली. तीन आठवडे झाड हिरवं राहिलं, म्हणून वाटलं वाचलं. मग पानं एका दिशेनं मान टाकायला लागली. दिवाळीला वरचं सगळं वाळलेलं होतं, आणि कड्याच्या खालून, म्हणजे कलमाच्या सांध्याच्याही खालून, खुंटाला दोन जोमदार फुटवे आलेले. ते रत्नाचे नव्हेत, रायवळ आंब्याचे.

पुढच्या वर्षी आणखी एक हापूस तसाच गेला. मग प्रत्येक बुंध्याभोवती उभा चिरलेला पाइप बसवला. त्यानं दोरी अडली, पण पाइपच्या आत गवत वाढायला लागलं, आणि ते हातानंच उपटावं लागतं. भर पावसात, डोक्यावर इरलं घेऊन, एकेका झाडाजवळ उकिडवं बसून, पाइप उघडायचा, आतलं गवत मुळासकट काढायचं, मुंग्यांचं वारूळ मोडायचं आणि पाइप परत बसवायचा. चौदा झाडं म्हणजे दोन सकाळी. हंगामात चार वेळा. माझे वडील सत्तरीला आले तेव्हा हे काम त्यांना जमेना आणि सोडवेनाही. ते पाहताना मला फार त्रास व्हायचा.

दाट भागात पहिली दोन वर्षं गवत मीही काढलं. तिथे तर ते जास्तच किचकट होतं, कारण ग्रासकटर आत नेताच येत नाही. मग उंदीरमारी उंच झाली. वर्षातून तीनदा तिची छाटणी करून पाला जागच्या जागी टाकला, केळीची सोपटं टाकली, फणसाचा पातेरा झाडून न नेता तिथेच राहू दिला. चौथ्या पावसाळ्यात लक्षात आलं की मी त्या बाजूला बेणणीच केली नाही, कारण बेणायला काही उगवलंच नव्हतं. सावलीत गवत मरतं, हे कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असतं. पण चार महिन्यांची कटकट त्यामुळे संपते, हे अनुभवल्याशिवाय पटत नाही.

पाण्याचंही तसंच. मोजमाप माझ्याकडे नाही. पण मार्चमध्ये दाट भागात पातेरा बाजूला करून हात घातला, की माती ओली लागते आणि गांडुळं दिसतात. त्याच दिवशी ओळीच्या भागात खुरपं आपटलं तर खणखणतं. तिकडे चार दिवसांआड पाणी द्यावं लागायचं, इकडे आठवड्यानं दिलं तरी जायफळ कोमेजत नाही.

आता दाट बागेचं जे खटकतं तेही सांगायला हवं, कारण ते लहान नाही.

पहिलं, आंबा तिथे शोभत नाही. हौसेनं मी एक हापूस त्या भागात लावला होता. दहा वर्षांत तो उंच झाला, पानांनी भरला, पण मोहोर फक्त माडांच्या वर गेलेल्या एका फांदीला येतो. शिवाय तुडतुडे आले, भुरी आली, तर फवारणार कुठे? खाली हळद आहे, अळू आहे, रोजच्या जेवणातली पानं आहेत. पेरू आणि चिकूलाही भरपूर ऊन लागतं. ज्यांचं मन हापूसवर आहे आणि ज्यांना चार पेट्या विकायच्याही आहेत, त्यांनी ओळीच लावाव्यात, असं मी मनापासून सांगेन.

दुसरं, काढणी. ओळीच्या बागेत झेला, म्हणजे फळं उतरवायची जाळीची काठी, मोकळा फिरतो. दाट भागात तो मिरीच्या वेलात अडकतो, जामाच्या फांदीत अडकतो, आणि जे फळ हेरलं होतं ते खाली आपटतं. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, पिकून पडतात ती पातेऱ्यात हरवतात, रोज सकाळी टोपली घेऊन वाकून वेचावी लागतात. आणि डास. सप्टेंबरमध्ये संध्याकाळी पाचनंतर त्या बाजूला मी जात नाही.

तिसरं, छाटणी चुकवता येत नाही. एक वर्ष आजारपणात उंदीरमारी छाटायची राहिली, तर खालच्या दालचिनीला वर्षभर नवी फूट आली नाही. गवताचं काम वाचतं, पण कोयता घेऊन झाडावर चढायचं काम वाढतं. फरक एवढाच, की छाटणी आठवडाभर पुढे ढकलली तर काही बिघडत नाही. गवत तेवढी सवड देत नाही.

माकडांनी दोन्हीकडे सारखंच छळलं, त्यामुळे तो मुद्दा कुणाच्याच बाजूनं धरत नाही. मिरी, दालचिनी आणि हळद आमच्याकडे त्यांनी अजून सोडलीय, एवढं खरं. मे २०२१ च्या तौक्ते वादळातही निकाल लागला नाही. ओळीतली दोन कलमं कलली, इकडे केळी एकजात आडवी झाली.

दाट लावायचं ठरलं, तर रोपं घेताना एक काळजी घ्या. कोकमात नर-मादी वेगळी असतात. मी सुरुवातीला शेजारच्या झाडाखालची पाच रोपं उचलून आणली होती. सात-आठ वर्षं वाढवल्यावर फुलं आली, तेव्हा तीन नर निघाले. नराला फुलं झुपक्यानं येतात, फळ कधीच धरत नाही. परागीकरणाला एखादा नर हवा, पण चार गुंठ्यांत तीन नर म्हणजे दोन जागा वाया. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं काढलेल्या कोकण अमृतासारख्या जातीची कलमंच घ्या. ती पावसाआधी पिकून हाताशी येते, त्यामुळे सोलं वाळवायला ऊन मिळतं. कलमाची काडी सरळ वाढणाऱ्या शेंड्याची आहे का, हेही रोपवाटिकेत विचारा. आडव्या फांदीवरून बांधलेलं कोकमाचं किंवा जायफळाचं कलम आयुष्यभर आडवंच पसरतं, आणि दाट बागेत ते खालच्या सगळ्यांचा उजेड खातं. जायफळाच्या बाबतीत नर-मादीची चौकशी कोकमाइतकीच काटेकोर करा.

खालचा थर लावायची घाई करू नका. सावली पडेपर्यंत, म्हणजे पहिल्या दोन पावसांत, केळी, पपई आणि हळद पुरे. सुरण, करांदे, अननस तिसऱ्या वर्षी. माडांच्या मधली जागा मोकळी वाटते म्हणून मी पहिल्याच वर्षी दालचिनी उन्हात लावली होती, ती मे महिन्यात करपली. तीच सावली आल्यावर पुन्हा लावली तेव्हा लागली.

ज्याला शनिवार-रविवारीच गावी येता येतं, त्याच्यासाठी तर मी दाट बाजूकडेच बोट दाखवेन. ओळीच्या बागेला माणूस रोज लागतो असं नाही, पण लागतो तेव्हा त्याच दिवशी लागतो, आणि मुंबईहून तो दिवस गाठता येत नाही. फक्त जागेच्या दक्षिणेकडे, जिथे दिवसभर ऊन राहतं, तिथे आंब्याची तीन-चार कलमं वेगळी ठेवा. तेवढ्यांच्या बुंध्याचं गवत हातानं काढणं कुणालाही जमतं.

वडिलांच्या ओळींत आता चौदाच कलमं आहेत. गेल्या वर्षी त्यांनीच सुचवलं, म्हणून दर चार कलमांच्या मधल्या चौकात एकेक उंदीरमारीची काठी रोवली. आंब्यावर सावली येऊ नये म्हणून ती डोक्याच्या उंचीवर छाटायची आणि पाला बुंध्याभोवती पसरायचा, असं ठरलंय. दोन चौकांत अननसही लावलेत. यंदाच्या जुलैत त्या बाजूची बेणणी एकदाच करावी लागली. मेलेल्या रत्नाच्या खुंटाला आलेले फुटवे मी कापले नव्हते. त्यातला एक आता पुरुषभर उंच आहे, आणि येत्या पावसाळ्यात त्यावर पुन्हा रत्नाची काडी बांधायची आहे.