नव्या स्टॉकने ग्रुप फुटलेली .२२ रायफल: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या .२२ रायफलीला नवा स्टॉक, म्हणजे रायफलीचं लोखंड ज्यात बसतं ते लाकडी अंग, बसवून घेतला आणि तिचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडणारा गोळ्यांचा झुबका, दुपटीहून जास्त फुटला. तो परत जागेवर यायला सप्टेंबर उजाडला. त्यानंतर दहा महिने त्याच बेडिंगवर, म्हणजे स्टॉकमधल्या त्याच बैठकीवर, मी नेमबाजी करते आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हापासून माझ्याकडे चौकशीला येणाऱ्या मुलामुलींच्या हातात बहुतेक वेळा जुनीच रायफल असते आणि कुणी ना कुणी तिचा स्टॉक बदललेला असतो. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते.

रायफल अ‍ॅन्शुट्झची, मॅच ५४ अ‍ॅक्शन, म्हणजे गोळी भरून उडवणारी यंत्रणा, एका वेळी एकच गोळी घालायची. जुनी, सेकंडहँड घेतलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं. रायफल आधीच वरच्या मजल्यावर हलवली होती, तिला पाणी लागलं नाही. पण पुढे महिना-दीड महिना भिंती ओल धरून होत्या. नंतर केव्हातरी ग्रिपपाशी केसाएवढी चीर दिसली. ती वाढत वाढत पार आरपार गेली, तेव्हा स्टॉक बदलण्यावाचून इलाज उरला नाही.

नवा स्टॉक अक्रोडाचा. एका परवानाधारक कारागिराकडून बसवून घेतला. दिसायला देखणा, हाताला गुळगुळीत, बट प्लेट खांद्यात अगदी बरोबर बसते. जुन्या स्टॉकवर वाळूच्या पिशवीवरून ५० मीटरवर दहा गोळ्यांचा ग्रुप १५-१६ मिलिमीटरचा पडायचा. नव्यावर पहिल्याच दिवशी ३५ पडला, तोही उभा, वरखाली ताणलेला. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि नऊचं २६.४ चं असतं. म्हणजे हात कितीही स्थिर ठेवला, श्वास कितीही सांभाळला, तरी रायफल स्वतःच आठात गोळी टाकत होती.

पुढचे दोन महिने चुकीच्या जागी गेले. सांगलीहून बालेवाडीच्या रेंजवर महिन्यातून एखाद-दुसरा रविवार जमतो, त्यामुळे प्रत्येक शंका तपासायला तीन-चार आठवडे लागायचे. आधी गोळ्यांचा लॉट, म्हणजे कारखान्यातली खेप, बदलला. मग मागची डायॉप्टर साइट, जिच्या बारीक भोकातून नेम धरतात ती, काढून पुन्हा बसवली. मग बॅरल साफ केली. .२२ च्या शिशाच्या गोळीवर बाहेरून मेणाचा पातळ थर असतो. साफ केलेल्या बॅरलमध्ये तो पुन्हा बसेपर्यंत सुरुवातीच्या दहा-वीस गोळ्या इकडेतिकडे जातातच. त्या गोळ्या मी ग्रुपमध्ये धरल्या आणि माझा गोंधळ आणखी वाढला. कारागिराला फोन केला तर उत्तर मिळालं, ".२२ ला झटका असतो कुठे, तिला बेडिंग लागत नाही."

हे बोलणं बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं आणि ते चूक आहे. झटका कमी असतो हे खरं. पण .२२ मॅच गोळीचा वेग सेकंदाला साधारण ३२५-३३० मीटर, सेंटरफायरच्या, म्हणजे मोठ्या रायफलींच्या गोळीच्या, मानाने फारच कमी. त्यामुळे गोळी बॅरलमध्ये जास्त वेळ असते आणि तेवढ्या वेळात बॅरल थरथरत असते. अ‍ॅक्शन लाकडात प्रत्येक वेळी सारखी बसलेली नसेल, तर ती थरथरही दरवेळी वेगळी होते.

मी कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीत आहे. दिवसभर शतांश मिलिमीटर मोजणारा डायल गेज हातात असूनही तो रायफलीला लावायचं ऑगस्टमध्ये सुचलं. बोल्ट काढून ठेवला, चेंबर रिकामं असल्याचं दोनदा बघितलं. मॅग्नेटिक बेस बॅरलला चिकटवला, गेजचं टोक स्टॉकच्या पुढच्या लाकडावर टेकवलं, सुई शून्यावर आणली आणि अ‍ॅक्शन स्टॉकला धरून ठेवणाऱ्या दोन स्क्रूंपैकी पुढचा हळूहळू सैल केला. सुई २२ शतांश मिलिमीटर सरकली. पुन्हा आवळला, पुन्हा परत आली. स्क्रू आवळला की अ‍ॅक्शन वाकत होती, सैल केला की मोकळी होत होती. हा आकडा ५ शतांशच्या आत असायला हवा.

मग ब्लू मारला. टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग कुठे टेकतात हे बघायला जो निळा रंग लावतात, तोच. रिसीव्हरच्या, म्हणजे अ‍ॅक्शनच्या बाहेरच्या कवचाच्या, पोटाला बोटाने पातळ फासला, अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये ठेवली, स्क्रू आवळून सोडले आणि उचलून बघितलं. मॅच ५४ चा रिसीव्हर गोल पोटाचा. लाकडातली खाच त्याच गोलाईची असायला हवी होती. निळा रंग उमटला होता तो दोन्ही कडांना दोन बारीक रेघा आणि शेपटाशी रुपयाच्या नाण्याएवढा एक डाग. तळ कोरडा. रिसीव्हर खाचेत बसलाच नव्हता, दोन कडांवर अडकून राहिला होता, आणि मी स्क्रू आवळून त्याला खाली ओढत होते.

स्टॉक टेबलावर नुसता पडला असताना शेजारचे चाचा चहाला आले. त्यांची हयात मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे करण्यात गेली. त्यांनी खाचेत अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, बाहेरनं एवढं पॉलिश केलंय, आतनं लाकूड उघडंच हाय की. पावसाळ्यात हे फुगणारच." खरंच, आतल्या खाचेला तेलाचा एक हातही नव्हता. जूनच्या कोरड्या आठवड्यात कोरलेली खाच पावसाळी हवेत कडांना आवळत गेली होती. लाकूड रेषेच्या आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून कडा आत आल्या आणि रिसीव्हर वर उचलला गेला. जवारी काढताना, म्हणजे तारेचा झंकार जुळवताना, घोडीवर तारेखाली कागद सरकवून बघतात, तसं प्रत्येक जागी बघा, असंही ते सांगून गेले. बॅरलखालून दहाची नोट सरकवून बघितली, ती मधेच एका जागी अडत होती.

दुरुस्ती मी फक्त लाकडात केली. बॅरल, ट्रिगर, बोल्ट यांना हात लावला नाही. ते काम परवानाधारक गनस्मिथचं आणि ते त्याच्याकडेच राहावं.

आधी स्टॉक महिनाभर घरात वरच्या खोलीत नुसता ठेवला. मग कडा खरवडून मोकळ्या केल्या, बॅरलखालची अडणारी जागा घासली. दोन्ही स्क्रूंच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे बुश (छोट्या नळ्या) बसवले, आतलं भोक स्क्रूपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं, म्हणजे स्क्रू कडेला कुठेच टेकत नाही आणि आवळताना दाब लाकडावर न येता बुशवर येतो. रिसीव्हरखाली पोलादाची पूड मिसळलेला, सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी भरला. चिकटू नये म्हणून रिसीव्हरला रंगहीन बूटपॉलिशचे तीन हात दिले, भोकं मुलांच्या खेळण्यातल्या क्लेने बुजवली, बॅरल मधोमध राहावी म्हणून तिच्याभोवती टेप गुंडाळली. यात एक गोष्ट जपायची: इपॉक्सी सुकत असताना स्क्रू आवळायचे नाहीत. नुसते टेकवायचे. आवळलेत तर जुनाच ताण नव्या बेडिंगमध्ये कायमचा ओतला जातो.

पहिला प्रयत्न फसला. चोवीस तासांनी अ‍ॅक्शन सुटली, पण पुढच्या स्क्रूमागे हवेचा बुडबुडा राहून वाटाण्याएवढा खळगा पडला होता. तेवढा भाग खरवडून पुन्हा भरला. शेवटी खाच, बटचं टोक, सगळ्या उघड्या लाकडाला जवसाच्या तेलाचे पाच हात, दोन हातांमध्ये दोन-दोन दिवस सोडून. त्यानंतर गेजची सुई हलली ती २ शतांश. ब्लू पोटभर उमटला.

आता वापराचं. ऑक्टोबरमध्ये पहिल्या फेरीत टॉर्क रेंचने ३, ४, ४.५ आणि ५ न्यूटन-मीटरवर प्रत्येकी दोन ग्रुप घेतले. माझ्या रायफलीला ४.५ मानवला, १७ मिलिमीटर. तुमच्या रायफलीला हाच आकडा लावू नका, कंपनीने दिलेल्या आकड्यापासून सुरुवात करा आणि गोळ्या सांगतील ते ऐका. पण हाताच्या अंदाजावर स्क्रू कधीच आवळू नका. डिसेंबरात, जुळणारा लॉट मिळाल्यावर, १४ पर्यंत आला. जुन्या स्टॉकपेक्षाही बरा. एप्रिलच्या कडक उन्हात ग्रुप तेवढाच राहिला, जागा थोडी खाली गेली, साइटच्या दोन क्लिकमध्ये परत आली.

तक्रारी आहेत. गालाखालचं लाकूड मला तीनेक मिलिमीटर कमी पडतं, प्रोनमध्ये (पालथं पडून) चाळीस गोळ्यांनंतर मान दुखते. सध्या नमद्याचा तुकडा चिकटवला आहे, पण तो घामाने सरकतो. वजनही जुन्यापेक्षा जास्त, ते मला उलट आवडलं. आणि ज्या कामाचे पैसे आधीच मोजले होते ते मला पुन्हा करावं लागलं, याचं वाईट अजून वाटतं.

माझ्या दृष्टीने खरी परीक्षा पावसाची होती. यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सलग चार दिवस झड लागलेली असताना, डायल गेज पुन्हा लावला. ३ शतांश. दोन्ही स्क्रू ४.५ वर जागच्या जागी. दहाची नोट बॅरलखालून रिसीव्हरपर्यंत न अडता गेली. त्या रविवारी बालेवाडीला दहा गोळ्या १५ मिलिमीटरमध्ये पडल्या, आणि मी साइटला हात लावला नाही.