डोंबिवली ते अंधेरी पूर्व: दादरवरून की घाटकोपरवरून?

डोंबिवलीत घर आणि चकाला-मरोळ भागात नवी नोकरी असं जुळून आलं की पहिली चर्चा होते ती गाडी कुठे बदलायची याची. बहुतेक जण दोन्ही बाजूंची मिनिटं मोजून ठरवतात. मोजायचीच असतील तर सेंट्रल रेल्वे बोंबलते त्या दिवशीची मोजा. गाड्या वेळेवर असल्या की कुठूनही गेलात तरी ऑफिसची हजेरी वेळेत पंच होतेय.

दादरवरून जायचं म्हणजे फास्ट पकडायची, पुलावरच्या गर्दीतून वेस्टर्न रेल्वेला जायचं, अंधेरीला उतरायचं आणि तिथून पुन्हा बस, मेट्रो नाहीतर रिक्षा. दोन रेल्वेंची मर्जी सांभाळा, वर अंधेरी स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांचीही. पण खरी मेख कुर्ला-सायनमध्ये आहे. हा पट्टा सखल आहे. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी थेट रुळांवर येतं आणि मागच्या गाड्या एकीमागे एक उभ्या राहतात. पंखे बंद, घोषणा नाही, कोणीतरी दारातून वाकून पुढचा सिग्नल बघतंय. शेवटी लोक खडीवर उड्या मारून रुळांतून चालायला लागतात.

घाटकोपरवाला हा पट्टा यायच्या आतच उतरून मेट्रोत बसलेला असतो. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं, आणि सगळा मार्ग खांबांवर, त्यामुळे खाली पाणी साचलं म्हणून ती थांबत नाही. चकाला, एअरपोर्ट रोड, मरोळ नाका ही स्टेशनं ऑफिसांच्या जवळच आहेत, म्हणजे अंधेरी स्टेशनची रिक्षाही वाचते. खर्च मात्र जास्त. मेट्रोचं तिकीट अंतराप्रमाणे १० ते ४० रुपये, तेही एका वेळेचं. रेल्वेच्या सेकंड क्लासच्या पासाशी त्याची तुलनाच नको. सकाळी घाटकोपरच्या मेट्रोच्या जिन्यावर रांग लागते आणि गाड्या चारच डब्यांच्या, हेही धरून चाला.

सकाळसाठी माझं मत घाटकोपर, पावसाळ्यात तर डोळे झाकून.

संध्याकाळचं गणित वेगळं. घाटकोपरला कल्याणकडची फास्ट येते तीच खचाखच भरून. दारातले लोक आत सरकत नाहीत, सरकायला जागाच नसते. अशा वेळी लटकून जाण्याचा हिशोब करू नका. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यात जीव गेले. दादरला निदान तिथून सुटणाऱ्या लोकल आहेत. थोडं आधी जाऊन उभं राहिलं तर बसायलाही मिळतं. घाटकोपरवरूनच यायचं असेल तर ठाणे स्लो धरा आणि पुढे ठाण्याला बदला. वेळ जातो, पण माणूस धड पोचतो.

म्हणून पास काढताना डोंबिवली ते अंधेरी व्हाया दादर असा काढा. घाटकोपर त्याच वाटेवर असल्याने सकाळी तिथे उतरायला वेगळं काही लागत नाही, आणि नुसत्या घाटकोपरच्या पासापेक्षा पडणारा फरक मेट्रोच्या खर्चापुढे किरकोळ आहे. पहिल्या महिन्यात मात्र तीन महिन्यांचा पास घेऊ नका. स्वस्त पडतो हे खरं, पण शिफ्ट बदलली की सगळंच फिरतं.

एसी लोकलचा पास घ्यावा का? तुमच्या वेळेला एसी गाडी असेल आणि पुढे-मागे दुसरीही असेल, तरच. एकच गाडी असेल आणि नेमकी तीच रद्द झाली, तर एसीचे पैसे भरून साध्या डब्यात घाम गाळायचा.

रस्त्याने रोज जायचा विचार सोडून द्या. माणकोली पूल झाल्यापासून डोंबिवलीतून बाहेर पडणं सोपं झालंय, पण पुढे ठाणे आणि जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) चुकत नाहीत. हा मार्ग हाताशी ठेवायचा तो दिवा-मुंब्रा बाजूला गाड्या अडकल्या तर, कारण तेव्हा दादर काय आणि घाटकोपर काय, दोन्ही सारखेच निरुपयोगी. म्हणून घरातून निघण्यापूर्वी एम-इंडिकेटर या लोकलच्या अ‍ॅपवरच्या चॅटवर नजर टाका. स्टेशनवर घोषणा व्हायच्या आधीच तिथे कोणीतरी ‘कळव्याला वीस मिनिटं उभी आहे’ असं लिहिलेलं असतं. एकट्याचा मेसेज असेल तर सोडून द्या. चार-पाच जण तेच म्हणत असतील तर घरातूनच ऑफिसला कळवून टाका.

ऑफिस सीप्झला, म्हणजे अंधेरी पूर्वेच्या त्या निर्यात क्षेत्रात असेल तर मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रो, अ‍ॅक्वा लाइन, धरता येते. ऑक्टोबर २०२४ पासून ती सुरू आहे आणि सीप्झ तिथून दुसरंच स्टेशन. पण उन्नत स्टेशनवरून भुयारात उतरायला बराच वेळ जातो. कोरड्या दिवशी मरोळ नाक्याहून रिक्षा बरी, पावसात मात्र खालची मेट्रोच.