‘नवा, सीलबंद’ हलका लॅपटॉप : माझी फसवणूक कशी झाली आणि ती कशी ओळखायची

घरातला एकमेव, मुख्य कॉम्प्युटर म्हणून हलका लॅपटॉप घ्यायचा विचार असेल, तर हे नीट वाचा. मला ‘नवा, सीलबंद’ म्हणून ऑनलाइन जो लॅपटॉप विकला गेला, तो कुठल्याशा ऑफिसात वापरून काढून टाकलेला होता. त्यातला प्रोसेसर २०१६ सालचा होता, साठवणूक जाहिरातीत लिहिलेल्याच्या पावपट होती आणि विंडोजचं लायसन्स बनावट मार्गाने चालू केलेलं होतं. विक्रेत्याचं नाव इथे देत नाही. तोच डाव दुसऱ्या कुठल्याही नावाने टाकता येतो, म्हणून डाव कळणं जास्त महत्त्वाचं आहे.

हलका लॅपटॉप मुख्य कॉम्प्युटर म्हणून वापरण्याची कल्पना मला आजही पटते. टेबलावर असताना मोठा मॉनिटर आणि कीबोर्ड जोडायचा, एरवी उचलून हव्या त्या खोलीत न्यायचा. अलीकडच्या पिढीचे चांगले हलके लॅपटॉप हे काम उत्तम करतात. पण इथे फसवणूक झाली तर ती निस्तरता येत नाही. डेस्कटॉपमध्ये रॅम कमी निघाली तर एक पट्टी वाढवता येते, डिस्क बदलता येते. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेक वेळा मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते, प्रोसेसर तर असतोच. पहिल्या दिवशी जे हातात आलं, तेच शेवटपर्यंत. आणि घरात दुसरा कॉम्प्युटर नसेल तर बँकेची कामं, मुलांचा अभ्यास, घरादाराचे फोटो, सगळं त्याच एका यंत्रावर येऊन बसतं.

जाहिरातीत लिहिलं होतं : कोअर आय ७, ८ जीबी रॅम (१६ पर्यंत वाढवता येते), १ टीबी स्टोरेज, विंडोज ११ प्रो, वजन जेमतेम एक किलो, नवा, सीलबंद.

यातलं ‘कोअर आय ७’ अगदी खरं होतं, आणि म्हणूनच ते सगळ्यात घातक होतं. प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलच्या नावातला हा आकडा वर्गातला नंबर सांगतो, इयत्ता सांगत नाही. इयत्ता, म्हणजे प्रोसेसरची पिढी, कळते ती पुढच्या पूर्ण क्रमांकावरून, आणि तो क्रमांक जाहिरातीत कुठेच नव्हता. लॅपटॉप सुरू करून ‘एमएसइन्फो३२’ हा यंत्राची माहिती दाखवणारा विंडोजमधला प्रोग्रॅम उघडला तेव्हा दिसला : आय ७-७वाय७५. हा सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे. दोन कोअर, आणि ठरवून दिलेली वीज अवघी ४.५ वॉट. २०१५ साली याच जातीच्या प्रोसेसरांना इंटेल ‘कोअर एम ५’, ‘कोअर एम ७’ म्हणत असे. २०१६ मध्ये सातवी पिढी आली तेव्हा त्यांना आय ५, आय ७ ही नावं दिली गेली आणि वेगळेपण उरलं ते क्रमांकातल्या ‘वाय’ या एका अक्षरात. पंखा नसलेल्या अतिपातळ यंत्रांसाठी ते बनवलेले होते आणि त्या कामापुरते ठीकही होते. पण त्याच्या पुढच्याच वर्षी आलेला साधा आय ५-८२५०यू घ्या : चार कोअर, १५ वॉट. म्हणजे ‘आय ७’ ऐकून आपण वरचं काहीतरी घेतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात पदरात पडतं ते ‘आय ५’पेक्षा पुष्कळ कमी ताकदीचं.

पूर्ण क्रमांक लिहून मागा. तो न देणाऱ्याकडून घेऊच नका, इतकं मी ठामपणे सांगेन. आणखी एक खूण अशी की डिसेंबर २०२३ पासून इंटेलने हलक्या लॅपटॉपच्या नव्या प्रोसेसरांना ‘कोअर अल्ट्रा’ म्हणायला सुरुवात केली आणि त्या नावांतून ‘आय’ हे अक्षर गेलं. त्यामुळे ‘लेटेस्ट आय ७’ असं नुसतंच लिहिलेलं दिसलं की कान टवकारा. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीकडेही नुसत्या ‘रायझन ५’ या नावावर जाऊ नका. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५४०यू दिसायला सख्खे भाऊ, पण पहिल्यात झेन २ ही जुनी रचना आहे आणि दुसऱ्यात झेन ४. फरक तिसऱ्या आकड्यात आहे.

पहिली शंका मात्र प्रोसेसरमुळे आली नव्हती. लॅपटॉप सुरू केल्यावर तो थेट डेस्कटॉपवर गेला. नवा विंडोज लॅपटॉप असं करत नाही. तो आधी देश विचारतो, कीबोर्ड विचारतो, वायफाय जोडायला लावतो. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, “मॅडम, तुमच्या सोयीसाठी सेटअप करूनच पाठवतो.” ही सोय तुम्हाला कुणी न मागता देऊ केली तर सावध व्हा. आधी दुसऱ्या कुणीतरी तो चालवलाय, एवढाच त्याचा अर्थ.

मग साठवणूक. सी ड्राइव्हवर २३८ जीबी दिसत होते. विंडोज मोजणी वेगळ्या पद्धतीने करतं, त्यामुळे २५६ जीबीची डिस्क २३८ दिसते आणि १ टीबीची ९३१ च्या आसपास. हा नेहमीचा फरक आहे, त्यात लबाडी नाही. पण २३८ म्हणजे १ टीबी कोणत्याही हिशेबाने होत नाही. यावर विक्रेत्याचं उत्तर होतं की बाकीची जागा ‘क्लाउडवर’ मिळेल. जाहिरातीत क्लाउड हा शब्दही नव्हता. क्लाउडवरची जागा ही लॅपटॉपची साठवणूक नव्हे. तिला इंटरनेट लागतं, वर्गणी लागते, आणि वर्गणी संपली की ती जागा आपली राहत नाही.

रॅम वाढवता येते का, हे तपासायला लॅपटॉप उघडावा लागत नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या टॅबवर मेमरी निवडली की खाली ‘फॉर्म फॅक्टर’ दिसतो. तिथे ‘एसओडिम’ असेल तर पट्टी आहे. माझ्याकडे लिहिलेलं होतं ‘रो ऑफ चिप्स’, म्हणजे बोर्डावर सोल्डर केलेल्या चिपा. १६ जीबीची बात तिथेच संपली.

लॅपटॉप वापरलेला आहे हे बॅटरीने सांगितलं. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असं लिहिलं की विंडोज एक अहवाल तयार करतं. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. नव्या बॅटरीत हे दोन आकडे जवळपास सारखे असतात. माझ्याकडे दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहून थोडाच वर होता. सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून चार्ज झाली तो आकडाही, त्याच अहवालात असतो (काही लॅपटॉप तो दाखवत नाहीत, तेव्हा नुसत्या शून्यावर विसंबू नका). डिस्कचं वय ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नावाच्या मोफत प्रोग्रॅमने कळतं. त्यातला ‘पॉवर ऑन अवर्स’ हा आकडा नव्या यंत्रात अगदी किरकोळ असायला हवा. इथे तो हजारांत होता.

आता सिरियल नंबर. हा तीन ठिकाणी असतो : खोक्यावर, लॅपटॉपच्या पाठीवर आणि आत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये. तिन्ही जुळायला हवेत. माझ्याकडे पाठीवरचा आणि बायोसमधला जुळत होता, खोक्यावरचा वेगळाच होता. खोकं दुसऱ्या यंत्राचं, त्यावर नवं प्लॅस्टिक चढवलेलं. ‘सीलबंद’ शब्दाची किंमत एवढीच. बायोसमधला नंबर उत्पादकाच्या साइटवर घातला तर वॉरंटी कधीच संपलेली दिसली. सगळ्या तपासण्यांत ही सगळ्यात सोपी आहे, आणि विक्रेत्याकडून नंबर आधीच मागवला तर पैसे देण्यापूर्वीही करता येते.

विंडोजचं प्रकरण मला सगळ्यात जास्त लागलं, कारण याच यंत्रावर आम्ही बँकेचे पासवर्ड टाकणार होतो. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर, विंडोज ‘तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेद्वारे’ चालू केलं आहे, अशा अर्थाची ओळ होती. घरगुती लॅपटॉपला कुठली आली संस्था? ही पद्धत कंपन्यांसाठी असते. तिची मुदत १८० दिवसांची असते आणि संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क होत राहिला तरच ती वाढत जाते. बनावट सर्व्हर उभा करून तीच पद्धत वापरणारे प्रोग्रॅम फिरत असतात. विंडोज सिक्युरिटीच्या ‘एक्स्क्लूजन्स’ यादीत एक फोल्डर आधीपासून घातलेला सापडला, म्हणजे त्या फोल्डरकडे अँटीव्हायरसने बघायचंच नाही अशी सोय. तो पाहिल्यावर मी त्या लॅपटॉपवर कुठेही लॉगिन करायचं थांबवलं.

शिवाय विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत मोजके अपवाद सोडले तर इंटेलचे आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर आहेत. सातव्या पिढीवर ते तपासणी टाळून बसवता येतं, पण अशा यंत्राला सुरक्षा अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १० वर मागे जावं तर त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला. म्हणजे मुख्य कॉम्प्युटर म्हणून ते यंत्र विकत घेतलं त्याच दिवशी बाद होतं.

तरीही वाटलं, निदान सगळं पुसून पाहावं. रिसेट केलं, वायफाय जोडलं, आणि पडद्यावर एका अनोळखी कंपनीचं नाव आलं, तिच्या कर्मचाऱ्याचा ईमेल आणि पासवर्ड मागत. याला ऑटोपायलट म्हणतात. कंपन्या आपल्या लॅपटॉपची ओळख मायक्रोसॉफ्टकडे नोंदवून ठेवतात. ती नोंद यंत्राच्या हार्डवेअरशी जोडलेली असल्यामुळे विंडोज पुन्हा बसवून जात नाही. ती त्या कंपनीनेच काढावी लागते. सेटअप ‘करूनच’ का पाठवला होता, ते तेव्हा कळलं. इंटरनेट न जोडता सेटअप उरकला की हा पडदा येत नाही.

जुना, वापरलेला लॅपटॉप विकणं हा गुन्हा नाही. बॅटरीची खरी स्थिती सांगून, कंपनीची नोंद काढून, योग्य दरात विकणारे लोक असतात आणि त्यांच्याकडून घेणं पूर्ण शहाणपणाचं आहे. तसंच, अतिपातळ लॅपटॉप बराच वेळ जड काम केल्यावर तापून हळू होतो, तीही फसवणूक नव्हे. उष्णता बाहेर टाकायला जागाच कमी असते. माझी तक्रार ‘नवा’ या शब्दाबद्दल होती आणि त्या शब्दाआड जे जे लपवलं होतं त्याबद्दल होती.

विक्रेत्याची पुढची वागणूक तर पाठ केल्यासारखी होती. आधी म्हणाला, “अपडेट होतायत, थोडे दिवस वापरून बघा.” मग म्हणाला, आमचा टेक्निशियन लांबून कनेक्ट होऊन दुरुस्त करेल, हे ॲप टाका. ते मी टाकलं नाही, तुम्हीही टाकू नका. अशा ॲपने समोरच्याला तुमचं यंत्र चालवता येतं, आणि त्याला तिथले पुरावेही पुसता येतात. मग काही रक्कम परत देण्याची तयारी दाखवली, अट अशी की तक्रार मागे घ्यायची आणि चांगला अभिप्राय लिहायचा. दर वेळी उत्तर गोड आणि दर वेळी ‘उद्या’. या सगळ्याचा हेतू एकच असतो : परत करण्याची मुदत उलटून जावी. फोनवर बोलायचा त्याचा आग्रहही त्यासाठीच होता, कारण फोनवरचं बोलणं नंतर दाखवता येत नाही. मी प्रत्येक फोननंतर, ज्या साइटवरून लॅपटॉप घेतला होता तिच्याच चॅटवर ‘आपण आत्ता असं म्हणालात’ हे लिहून टाकत गेले, आणि तेच पुढे कामी आलं.

साइटकडे पहिली तक्रार केली ती ‘लॅपटॉप हळू चालतो’ अशी. ती लगेच फेटाळली गेली. हळू हा शब्द कुणालाच सिद्ध करता येत नाही. दुसरी तक्रार ‘वस्तू वर्णनाशी जुळत नाही’ या सदरात केली आणि त्यात ‘हळू’ हा शब्दच घातला नाही. खोक्यावरचा आणि बायोसमधला सिरियल नंबर, वॉरंटी संपल्याची तारीख, बॅटरीचा अहवाल, २३८ जीबीचा स्क्रीनशॉट, जाहिरातीचा साठवून ठेवलेला फोटो, आणि ऑटोपायलटच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो जोडला. सोबत कार्डाच्या बँकेकडेही व्यवहाराबद्दल वाद नोंदवला. कार्डाने पैसे दिल्यामुळे तो मार्ग उघडा राहिला. विक्रेत्याच्या खात्यात थेट पैसे पाठवले असते तर दाद मागायला त्याच्याच दारात जावं लागलं असतं. जाहिरातीचा फोटो ऑर्डर करतानाच काढून ठेवा, कारण तक्रार झाल्यावर वर्णन बदललं जातं. माझ्या बाबतीत ‘१ टीबी’च्या पुढे ‘क्लाउडसह’ हे शब्द नंतर उगवले.

या वेळी तक्रार मंजूर झाली. परत पाठवण्याआधी त्या यंत्रावर उघडलेल्या प्रत्येक खात्यातून फोनवरून ‘सर्व डिव्हाइसवरून साइन आउट’ केलं, पासवर्ड बदलले, मायक्रोसॉफ्टच्या खात्यातल्या उपकरणांच्या यादीतून तो काढला आणि डिस्क पूर्ण पुसली. पॅकिंग करताना सिरियल नंबर दिसेल असा सलग व्हिडिओ काढला आणि कुरिअरच्या पावतीवर वजन लिहून घेतलं, कारण ‘खोकं रिकामं आलं’ असा दावा करणारेही असतात. तसा दावा विक्रेत्याने केलाच. व्हिडिओ आणि पावती पाठवल्यावर तो बंद झाला आणि पूर्ण रक्कम कार्डावर जमा झाली.