टाकीवरचं नाव आणि कारखान्याचं गाव

'मोटरसायकल देशीच घ्यायची' असं पक्कं करून रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आणि ट्रायम्फची स्पीड ४०० यांच्यात अडकलेले बरेच जण भेटतात. टाकीवरची नावं वाचली तर प्रश्नच उरत नाही. रॉयल एनफिल्ड आपली, ट्रायम्फ इंग्रजांची. पण गाडी बनते कुठे हे विचारा. क्लासिक येते चेन्नईकडून आणि स्पीड ४०० येते चाकणहून, बजाजच्या कारखान्यातून. शिफ्ट सुटताना तळेगाव-चाकण रस्त्यावर जी गर्दी तुंबते, तिच्यात या 'इंग्रज' गाडीचे नटबोल्ट आवळून आलेली माणसंही असतात.

आधी क्लासिक. रॉयल एनफिल्ड मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर इथे काम सुरू झालं. आधी तिकडून आलेले भाग जोडायचे, मग हळूहळू सगळंच इथे बनू लागलं. १९७० पर्यंत इंग्लंडातलं उत्पादन थांबलं, मद्रासचा कारखाना मात्र चालत राहिला. १९९४ पासून कंपनी आयशरकडे आहे. म्हणजे मालक इथले आणि नफाही इथेच. मात्र आजच्या क्लासिकचं ३४९ सीसीचं इंजिन चेन्नई आणि इंग्लंडातलं लेस्टरशर इथल्या दोन्ही चमूंनी मिळून घडवलं. नाव परक्या देशात जन्मलं, मालकी भारतीय, डोकं अर्धं तिकडचं.

स्पीड ४०० मध्ये हे चित्र उलटं होतं. आखणी इंग्लंडातल्या हिंकलीची, म्हणजे ट्रायम्फच्या घरची, उत्पादन बजाजचं, आणि दोन्ही कंपन्यांच्या करारात भागभांडवलाची देवाणघेवाण नाही. नाव ट्रायम्फचंच राहतं. गंमत अशी, की लंडनमध्ये कुणी अभिमानाने 'आपली' ट्रायम्फ म्हणून स्पीड ४०० घेतली, तर ती चाकणहून गेलेली असते. 'आपली गाडी खरंच आपली का' हा प्रश्न त्यालाही पडायला हवा.

सुट्या भागांपर्यंत उतरलं की देशी-विदेशीची रेघ आणखी पुसट होते. दोन्ही गाड्यांना बायब्रेचे ब्रेक मिळतात. नाव इटलीच्या ब्रेंबोचं आणि कारखाना पुण्याकडचा. वाळूजची एन्ड्युरन्स बजाजलाही माल देते आणि रॉयल एनफिल्डलाही. उलट चिपच्या बाबतीत सगळेच बाहेरच्यावर अवलंबून. २०२२ मध्ये चिपचा तुटवडा पडला तेव्हा रॉयल एनफिल्डला मिटिऑर आणि हिमालयनमधला ट्रिपर नॅव्हिगेशनचा डायल काढून तो वेगळा पर्याय म्हणून द्यावा लागला. शंभर टक्के देशी असं इथे कुणीच नाही, आणि विक्रेता तसं म्हणाला तर पुढचं बोलणं जरा संशयानेच ऐका.

चासी नंबरवरून शोध घ्यायला जाऊ नका. त्याची सुरुवातीची अक्षरं उत्पादक कंपनीची नोंद सांगतात, गाडीतला कुठला भाग कुठून आला ते नाही.

आता खिशाचं. सरकार कर लावताना टाकीवरचं नाव बघत नाही, सीसी बघतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्यापेक्षा जास्त सीसीला ४० टक्के. क्लासिक ३४९ म्हणून काठावर वाचली. स्पीड ३९८ म्हणून सापडली, चाकणला बनूनही. त्या बदल्यात मिळते ४० पीएसची ताकद, क्लासिकच्या जवळजवळ दुप्पट, आणि सोळा हजार किलोमीटरचं किंवा वर्षाचं सर्व्हिसिंग.

मला विचाराल तर रोजगार हा निकष असेल आणि तुम्ही महाराष्ट्रातले असाल, तर स्पीड घ्या. पैसा देशातल्या मालकाकडे जावा असं वाटत असेल तर क्लासिक. तालुक्याच्या गावी राहत असाल तर हे दोन्ही निकष बाजूला ठेवा, क्लासिकच घ्या. बुलेटचं काम येणारा मेकॅनिक कोपऱ्यावर सापडतो. स्पीडसाठी आधी शोरूम किती लांब आहे ते बघून या.

मालकी तरी पक्की धरावी, तर तीही हलते. केटीएमची ३९० ड्यूक चाकणला बनते आणि तरी आपण तिला ऑस्ट्रियन म्हणत आलो. २०२४ च्या नोव्हेंबरात ती कंपनी कर्जाने बुडायला आली आणि २०२५ मध्ये बजाजने पैसे ओतून तिची सूत्रं हातात घेतली. कारखाना होता तिथेच आहे, रंगही तोच नारिंगी. फक्त 'परदेशी' गाडीचा मालक आता आकुर्डीचा, म्हणजे बजाजचं मुख्यालय आहे तिथला झालाय. हार्लेची एक्स ४४० तर राजस्थानात नीमराण्याला हिरो बनवते. अमेरिकेची हवा खायची म्हणून ती घेणार असाल, तर ती हवा नीमराण्यातच भरलेली असेल.