स्की सुखरूप, बूट मात्र फेंगडे

गेल्या वर्षी एप्रिलअखेर त्सुगश्पिट्सच्या डोंगरावरून स्की करून परतलो आणि दमलो होतो म्हणून स्कींची ओली बॅग तशीच केलरमध्ये उभी करून ठेवली. म्युनिकच्या जुन्या घरांची तळघरं ज्यांनी पाहिलीत, त्यांना तिथली ओल सांगायला नको. नोव्हेंबरात चेन उघडली तर स्कींच्या पोलादी कडांवर तांबूस गंज, आणि तळ कोरडा पडून पांढरट झालेला. आमची आजी सुगी संपली की विळ्याला तेल चोळून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायची. नातवाला तेवढंही सुचलं नाही.

म्हणून यंदा घराजवळच्या दुकानात उन्हाळाभर स्की ठेवायला दिल्या. जोडीचे ५५ युरो, सर्व्हिस धरून. बुटांचे वेगळे १५.

आधी कामाचं कौतुक. काउंटरवरच्या माणसाने स्की हातात घेतल्या घेतल्या कडेवर नख फिरवलं आणि विचारलं, "गाडीच्या टपावर बांधून नेता का?" हो म्हटलं. रस्त्यावरच्या मिठाचं पाणी उडून गंज धरतो म्हणे. नुसतं पुसून भागत नाही, गोड्या पाण्याने धुऊन वाळवायला हवं. मग त्याने कामाचा क्रम सांगितला. तळ साफ करायचा, कडांना धार लावायची आणि शेवटी गरम वॅक्सचा जाड थर द्यायचा, कडांवरून सुद्धा. हा थर लगेच खरवडायचा नाही. तो तसाच राहतो, हवा आणि ओल आत येऊ देत नाही. हिवाळा तोंडावर आला की खरवडून ब्रश मारतात. नोव्हेंबरात स्की हातात आल्या तेव्हा तळ काळाभोर, कडा लख्ख. मी एवढी वर्षं दोन्ही स्की पट्ट्याने करकचून बांधत होतो; त्याने मधली कमान दाबली जाते, सैल बांधा, हेही तिथेच कळलं.

बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या खटक्याची तपासणी परत घेताना होते. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही कसे स्की करता, एवढं विचारून यंत्रावर ताण तपासतात आणि छापील कागद देतात. यंदा मी पन्नाशी ओलांडली म्हणून किती ताणाला बूट सुटायचा तो आकडा एक घर खाली आला. ब्राउनेकच्या सोप्या उतारावर ज्याला लहान मुलं मागे टाकतात, त्याने यावर काय वाद घालायचा!

आता बूट. इथे मात्र माझे १५ युरो पाण्यात गेले. दुकानाने आतले लायनर, म्हणजे कवचाच्या आतले मऊ बूट, काढलेच नव्हते. वासावरून ते मी दिले तसेच दमट राहिले असणार. शिवाय सगळे बकल सताड उघडे! सहा महिने तसे पडून राहिल्यावर प्लास्टिकचं कवच फाकलं. पाय आत घालायला मला आणि बायकोला मिळून दहा मिनिटं लागली. रात्रभर हीटरपासून चार हात लांब, उबदार खोलीत ठेवल्यावर जरा सैलावले. लायनर काढून पूर्ण वाळवायचे, परत घालायचे आणि बकल पहिल्या खाचेत अलगद अडकवायचे, एवढंच तर काम होतं. तक्रार केल्यावर "बूट आम्ही फक्त ठेवतो" असं उत्तर मिळालं. मग पैसे कसले घेता?

पाचपैकी साडेतीन तारे. स्की पुढच्या मे महिन्यातही तिथेच देणार. नोव्हेंबरात नुसती सर्व्हिस करून घ्यायला गेलात तर दाराबाहेर रांग असते. बूट घरीच राहतील, बेडरूमच्या कपाटात पैठण्यांच्या खालच्या कप्प्यात. बायकोची परवानगी अजून मिळालेली नाही.