शेक क्लब सोडून आहारतज्ज्ञांकडे गेले, पळणाऱ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

साताऱ्यात पहाटे बोगद्याकडून यवतेश्वर घाटाला लागलं की आता पळणाऱ्यांची गर्दीच दिसते, आणि त्यातल्या बऱ्याच जणी मला विचारतात की वजनासाठी सध्या काय करतेस, म्हणून एकदाच नीट लिहिते.

आधी मी एका न्यूट्रिशन क्लबला जात होते. नाव नको, असे क्लब प्रत्येक पेठेत आहेत. सकाळी नाष्ट्याच्या जागी पावडरचा शेक, दुपारी एक जेवण, रात्री परत शेक. वजन उतरलं, ते नाकारत नाही, सुरुवातीला तर भराभर उतरलं. पण ते सगळं चरबीचं नसतं हो. शरीरात पळण्यासाठी जी साखर साठवलेली असते, ग्लायकोजन म्हणतात ते, त्याच्या दर 1 ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी असतं, खाणं एकदम तोडलं की आधी हा साठा संपतो आणि काटा खाली येतो, क्लबात टाळ्या वाजतात. आणि घाट चढताना नेमकं तेच इंधन लागतं आपल्याला.

साधा हिशोब बघा. पळताना दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 1 किलोकॅलरी जाते. माझं वजन 66 धरलं तर 10 किलोमीटरला साडेसहाशेच्या आसपास गेल्या, त्यावर पोटात काय तर दोनअडीचशेचा शेक. मग दुपारी चक्कर, रात्री झोप नाही, पाळी पुढे पुढे जायला लागली आणि चढाला पाय उचलेनात. क्लबच्या कोचना सांगितलं तर म्हणाले, "ताई, बॉडी डिटॉक्स होतीये, चालू ठेवा." बसून काम करणाऱ्या माणसाला चालेल कदाचित त्यांचा प्लॅन, पण पळणाऱ्या बाईच्या पाळीबद्दल असं उत्तर देणं मला अजिबात पटलं नाही.

आता पोवई नाक्याच्या बाजूला एक आहारतज्ज्ञ मॅडम बसतात, त्यांच्याकडे जाते. त्यांनीच सांगितलंय नाव टाकू नका, पेशंट आधीच जास्त आहेत. पहिल्या भेटीत त्यांनी मला काट्यावर उभंच केलं नाही. आधी विचारलं आठवड्यात किती पळता, लाँग रन म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं कधी, सप्टेंबरची हिल मॅरेथॉन करणार का, पाळी कशी आहे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड, बी12 तपासून या म्हणाल्या. खाणं आणि पळणं यांचा मेळ बसला नाही की शरीर पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती यांच्यावर काटछाट करतं, याला ऑलिंपिक समितीने 2014 साली रेड-एस असं नाव दिलंय आणि ते फक्त मोठ्या खेळाडूंना होतं असं नाही, हेही त्यांनी समजावून सांगितलं.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे चार्टला दोन रकाने आहेत, पळायचा दिवस आणि आरामाचा दिवस. खाणं कमी करायचं ते फक्त आरामाच्या किंवा हलकं पळायच्या दिवशी, तेही त्या दिवशी 300 किलोकॅलरीच. रविवारच्या लाँग रनला एक घासही कमी करायचा नाही. निघायच्या आधी केळं, तासापेक्षा जास्त पळायचं असेल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब पोटात जायला पाहिजे, त्यासाठी खजूर किंवा राजगिऱ्याची चिक्की खिशात, आणि घरी आल्यावर अंघोळीच्या आधी काहीतरी खायचं. रात्री भाकरी आहे, भात आहे, सासूबाईंना वेगळा स्वयंपाक नाही.

घरचा हिशोब मात्र एकदम बारीक घेतात. आमच्या ज्वारीच्या भाकरीचा पिठाचा गोळा काट्यावर ठेवून फोटो पाठवायला लावला, कारण "एक भाकरी" म्हणजे कोणाची 50 ग्रॅम पिठाची तर कोणाची 100 ग्रॅमची. दुसरं कूट. आपल्याकडे प्रत्येक भाजीत मूठभर शेंगदाण्याचं कूट पडतंच, आणि 100 ग्रॅम शेंगदाण्यात प्रोटीन 25 ग्रॅम असलं तरी किलोकॅलरी साडेपाचशेच्या वर जातात. कूट बंद करा असं त्या म्हणाल्या नाहीत, चमच्याने मोजून घाला म्हणाल्या. प्रोटीन किलोमागे दीड ग्रॅम ठेवलंय, म्हणजे मला दिवसाला 100 ग्रॅमच्या आसपास, ते मटकीची उसळ, अंडी, दही, सोयाबीन आणि रविवारचं चिकन यातून बसवलंय. पावडरचा डबा विकला नाही की कसला सप्लिमेंट हातात दिला नाही, फक्त रिपोर्टमध्ये जे कमी होतं त्यासाठी डॉक्टरांकडे पाठवलं.

वजन सकाळी उठल्या उठल्या करायचं आणि आठवड्याची सरासरी बघायची, पाळीच्या आधी पाणी धरलं तर घाबरायचं नाही. क्लबात पळून आल्या आल्या घामेजल्या अंगाने त्या फॅट मोजायच्या मशीनवर उभं करायचे, तो आकडा पाण्याच्या कमीजास्तीने हलतो हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. लाँग रनच्या आधी आणि नंतर पण वजन करायला सांगतात, पण ते घामासाठी, 1 किलो कमी भरलं तर साधारण लिटरभर पाणी गेलं असं धरायचं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. उतरतं फार हळू. 1 किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 किलोकॅलरी, आठवड्यात पाच दिवस 300 कमी केल्या तर किलोला पाच आठवडे लागणार, लग्नाआधी बारीक व्हायचंय असं ज्यांचं आहे त्यांना हे जमणार नाही. व्हॉट्सॲपवर उत्तर कधी दुसऱ्या दिवशी येतं. अपॉइंटमेंट घेऊनही बाहेर बसावं लागतं. तीन महिन्यांची फी 4,500 आहे, तपासण्यांचा खर्च वेगळा, साताऱ्याच्या मानाने जास्तच वाटते, पण शेकच्या डब्यांवर महिन्याला त्यापेक्षा जास्त जात होते. आणि व्यायामाबद्दल, वेट ट्रेनिंगबद्दल त्या काही सांगत नाहीत, ते वेगळं बघावं लागतं.

मला स्वतःला फरक कुठे दिसला तर पाळी वेळेवर आली, झोप लागते, आणि घाटात शेवटच्या चढाला चालत न जाता पळत वर जाते. वजन क्लबात असताना होतं त्यापेक्षा किलोभर जास्तच आहे आणि त्याबद्दल मला काहीही वाईट वाटत नाही.

जाणार असाल तर शनिवार टाळा, गर्दी असते, आणि आपल्या घड्याळातलं महिन्याभराचं पळणं दाखवायला फोन चार्ज करून न्या, त्या पहिल्यांदा तेच मागतात.